पांढऱ्या मातीची रेघ

बादली विहिरीत पडली असेल असं समजून चंद्रभानने गळ सोडला. काठावर भरलेली घागर होती. दोर, बादली आणि बायको दिसत नव्हती. बायको दुसरा दोर आणायला गेली असेल, असं त्याला वाटलं. गळ जड लागला. ओढताना पाण्यात हिरवं लुगडं दिसलं आणि त्याच्या हातून दोर सुटला.

माणसं जमली. रुख्माबाईला वर काढलं. लग्न झाल्यापासून ती याच विहिरीवर पाणी भरत होती. पाय घसरला, असं कोणी म्हणेना.

"त्या नायट्यापायी जीव देला बिचारीनं," शेजारची भागाबाई हळूच म्हणाली. चंद्रभानला ऐकू गेलं.

रुख्माबाईच्या दोन्ही हातांना नायटा होता. मलमं झाली, पाला चोळून झाला. त्यापायी मुलीचं, कांताचं, पहिलं बाळंतपणही माहेरी झालं नाही. रुख्माबाई आर्वीला बाळ पाहायला गेली, तेव्हा कांताच्या सासूने दारातच सांगितलं, "हात साफ झाल्यावर घ्याजो नातवाले."

ती लांबूनच पाहून परत आली आणि चंद्रभानच्या मागे लागून वर्ध्याच्या डॉक्टरकडे गेली. नायट्यावर पोटात घ्यायची गोळी त्या साली, एकोणसाठ साली, नवीनच आली होती. महिन्याने पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरने विचारलं, "चक्कर येते का? येत असेल तर गोळी बंद करू."

रुख्माबाईने टेबलाची कड धरली होती.

"नाई जी. काईच नाई."

हात निम्मे साफ झाले होते.

संध्याकाळच्या मोटारीने कांता आली. रडून झाल्यावर बाळ मांडीवर घेऊन बसली.

"बाबा, मायनं माह्यापायी जीव देला. सासूले मी एक शब्द बोलली नाई तवा."

 चंद्रभान भिंतीकडे पाहत राहिला. दिवाळीसाठी रुख्माबाईने भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या होत्या. खालचा भाग पांढरा, वरचा जुनाच. आठ दिवसांपूर्वी तो हसला होता, "औंदा लक्षुमी रांगत येनार हाये का वो?"

"येऊ द्या. आपल्या घरी आता रांगनारंच येनार हाये," ती म्हणाली होती.

तो एकदम उठला.

"कांते, त्या भिंतीपाशी बस. हात वर कर."

"काऊन?"

"कर न माय."

बाळाला खाली ठेवून कांता भिंतीपाशी बसली. ती उंचीने आईएवढीच. तिची बोटं जिथं टेकली, तिथंच पांढरी माती संपत होती. घरभर रेघ त्याच उंचीवर होती.

"बसूनच पोतारलं तिनं," चंद्रभान म्हणाला. "उभी राह्यली की चक्कर येत असन. विहिरीवरबी आली असन."

"मंग डॉक्टरले सांगतलं काऊन नाई?"

चंद्रभानने बाळाकडे पाहिलं. बाळ रडायला लागलं. कांताने हात खाली घेतला. बोटांना लागलेलं पांढरं न पुसताच तिने त्याला उचललं.

गावात अजून जीव दिला असंच म्हणतात. कोणाकोणाला घरात आणून भिंत दाखवायची, हे चंद्रभानला कळत नाही. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात आहेत. भिंतीचा वरचा भाग पोतारायचा राहिला आहे.