एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हलेट आहे, म्हणजे जावा भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. एका इस्पितळाच्या सर्व्हरवर राहतो. कुणी घरबसल्या तपासणीचा रिपोर्ट मागितला, की तो शोधून त्याच्या स्क्रीनवर पाठवायचा, एवढंच माझं काम.

मला ताईंनी लिहिलं. सगळं ऑफिस त्यांना ताईच म्हणे. वेबसाइटवर रिपोर्टच्या पत्त्यावर येईल त्याला माझ्याकडे धाडायचं, असं त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवलं. सर्व्हर मला एकदाच उठवतो, मग एका वेळी शंभर माणसं आली तरी त्यांना पुरून उरणारा मी एकटाच. याचा मला भारी तोरा होता.

तिथेच ताई चुकल्या. आलेल्या माणसाने मागितलेल्या रिपोर्टचा नंबर त्याच्या कामापुरता वेगळा ठेवायचा असतो, तो त्यांनी माझ्या सामाईक खणात ठेवला, जिथे एका वेळी एकच नंबर मावतो. एकट्या बसून तपासलं तेव्हा सगळं आलबेल होतं. पण पहिल्याच सोमवारी एका सुताराने बायकोचा रिपोर्ट मागितला आणि त्याच क्षणी एका बाईंनी स्वतःचा. बाईंच्या नंबराने सुताराचा नंबर पुसला आणि बाईंचा रिपोर्ट सुताराच्याही स्क्रीनवर गेला. गाठ वाईट आहे, हे वाचून सुताराच्या पायाखालची जमीन सरकली. वरचं नाव दुसरंच आहे, हे बायकोने पाहिलं आणि दोघं धावत ऑफिसात आली.

सर्व्हर लहरी आहे असं सांगून टाका, असं ऑफिसातल्या साहेबांचं मत पडलं. ताई सरळ सुतारासमोर जाऊन बसल्या.

"सर्व्हर नाही चुकला, मी चुकले. दुपारपर्यंत थांबाल का?"

त्यांनी मला बंद केलं, ती नंबराची ओळ योग्य जागी हलवली. मग चहावाल्यासकट सगळ्यांना एकदम रिपोर्ट मागायची बटणं दाबायला लावली, वीसवीस वेळा. ज्याचं त्यालाच मिळालं, तेव्हा कुठे सुताराला बोलावलं. त्याने आधी नाव वाचलं, मग वय, मग पुन्हा नाव.

"आता खालचं वाचा की," बायको म्हणाली.

तिची गाठ साधी होती. सुतार ढसाढसा रडला आणि मलाही फार बरं वाटलं.

ताईंना मात्र त्या दुसऱ्या बाई आठवल्या. तो वाईट रिपोर्ट त्या बाईंचा होता आणि त्यांनी तो घरी एकटीनेच वाचला असणार. ताईंनी डॉक्टरांकडून बाईंना फोन करवला आणि माझ्यात आणखी एक ओळ घातली. तेव्हापासून तसा रिपोर्ट मी पाठवत नाही. 'डॉक्टरांना भेटा, सोबत घरचं कुणीतरी आणा,' एवढंच कळवतो.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा प्रोग्रॅम येतोय. मला खुशाल काढून टाका. फक्त ती ओळ तेवढी त्याच्यात लिहा.