परसातलं गोणपाट

निपाणीच्या त्या गल्लीत सकाळीच बायकांच्या मांडीवर विड्या वळायची सुपं येतात. भैरवीचं सूप मात्र आज परसात, गोणपाटावर होतं. ती बाजूला बसली होती. या महिन्यात दुसऱ्यांदा.

"परत?" सासू नागुबाईनं लांबूनच विचारलं. "शुक्रवारचा दिवा मी लावते. तू बस गप."

तेंदूपानावर भैरवीची बोटं थांबली. नणंद मनू आजारपणात माहेरी आलेली, तेव्हा याच गोणपाटावर अशीच अवेळी बसायची. तिचं अंगावरून जाणं सगळ्यांनी विटाळात धरलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कळला, तोवर काही हातात उरलं नव्हतं.

दिपाली गणवेश घालून दारात आली. "आई, आज शाळेत गर्भपिशवीच्या कॅन्सरची लस हाय. पालक पायजेत संगं."

"लग्न न झाल्याली पोर, आन् तसल्या रोगाची सुई?" नागुबाई कडाडली. "उद्या गल्ली इचारंल, हिनं काय केलं म्हणून! न्हाय जायाचं."

"लहानपणीच द्यावी लागती, आत्ती. रोग यायच्या आधी." भैरवी परसातूनच म्हणाली.

"आन् तू जाणार कशी? उंबरा शिवायचा न्हाय."

उपासाचा एक शुक्रवार भैरवीनं कधी मोडला नव्हता. देवी कोपली तर? गल्ली बोलली तर? तिनं वर पाहिलं. दिपालीचे पाय गोणपाटाच्या काठाशी होते.

तिनं सूप खाली ठेवलं.

"आत्ती, मनू वन्सं इथंच बसून गेल्या. आपण दोघींनी लांबनं ताट सरकवलं."

नागुबाईची नजर गोणपाटावर गेली. भैरवीनं उंबरा ओलांडला, देवघराला दुरून हात जोडले. 'आई, कोप माझ्यावर कर. पोरीला सांभाळ.'

शाळेत लस टोचली. "मुंगी चावल्यागत!" दिपाली हसली. भैरवी मात्र नर्ससमोरून हलेना.

"बाई, ही सुई मला चालंल?"

"तुम्हाला आधी तपासणी करावी लागेल, आक्का," नर्स म्हणाली. "का? काही त्रास होतोय?"

भैरवी दाराकडे वळली. तिथं नागुबाई उभी होती, धापा टाकत. सुनेच्या आन् नातीच्या मागं चालत आलेली.

म्हातारी पुढं आली. विटाळातल्या सुनेचा हात तिनं सगळ्यांदेखत घट्ट धरला.

"सांग गं," ती म्हणाली. "मनूला मी इचारलंच न्हाय."