मागच्या रांगेत गेलेला माईक

हॅलो, हॅलो… मागं ऐकू येतंय ना? मी माईक बोलतोय. वणापूरच्या रूपरावजींच्या मंडप-बिछायत केंद्रातला, लांब वायरचा जुना माईक. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगत आलो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानाची. मी काचेच्या कपाटात झोपलो होतो. रूपरावजींनी मला उचललं, तोंडावर दोन चापट्या मारल्या आणि फू फू करून फुंकर घातली. मला वाटलं, हा काय प्रकार! पुढं कळलं की माणसं एकमेकांना नमस्कार करतात आणि माईकला फुंकर घालतात. तोही एक नमस्कारच.

एसटीच्या गाडीतून, रूपरावजींच्या मांडीवर बसून मी वणापूरला आलो. हिंगणघाटहून समुद्रपूरकडे जाताना लागणारं हे छोटं शहर. कापसातली सरकी काढणारे चार जिनिंग कारखाने, एक बाजार आणि भरपूर बोलणारी माणसं. मला काम कधी कमी पडलं नाही. 'वधूच्या मामांनी वधूला मांडवात घेऊन यावे' हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की एखादे दिवशी रिकाम्या मांडवातही माझ्या तोंडून तेच निघेल. कबड्डीचे सामने बोललो, जयंत्या बोललो. सगळ्यात आवडीचं काम म्हणजे गिरडच्या यात्रेतलं. टेकडीखाली आमचा मांडव असायचा आणि हरवलेली मुलं आमच्याकडं आणून दिली जायची. एका पोरीला बापाचं नाव सांगता येईना. ती रडत रडत म्हणाली, "माह्या बाबाचा शर्ट पिवळा हाय." मी तेच टेकडीभर सांगितलं. थोड्या वेळात पिवळ्या शर्टातले कितीतरी बाप धावत आले! त्यातला एक खरा निघाला. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं.

पण सभा मात्र मला कंटाळवाण्या वाटत. "मी फक्त दोन शब्द बोलतो," असं म्हणणाऱ्या माणसाचे दोन शब्द मला अजून ऐकायचे आहेत. शिवाय मी नेहमी पहिल्याच रांगेत फिरायचो. एका पांढऱ्या सदऱ्याकडून दुसऱ्या पांढऱ्या सदऱ्याकडं. मागं बायका बसायच्या, मुलांना थोपटत. त्यांच्याकडं मी कधी गेलोच नाही.

मग बिनवायरचे माईक आले. चकचकीत, हलके. मला झालरींच्या पेटीत, सगळ्यात खाली टाकलं गेलं. अंधारात मी वर्षं काढली. एका उंदरानं माझी वायर थोडी कुरतडलीसुद्धा. चव आवडली नाही वाटतं, सोडून गेला.

मला बाहेर काढलं ते आकांक्षानं. ती रूपरावजींची धाकटी मुलगी. हिंगणघाटला बी. ए. करून आली आणि बापाचं साउंडचं काम तिनं हातात घेतलं. त्या दिवशी सगळे नवे माईक एका लग्नाला गेले होते आणि नगरपंचायतीची सभा अचानक ठरली होती. तिनं पेटी उपसली, माझ्या वायरला चिकटपट्टी गुंडाळली, आणि अर्थातच फू फू केलं.

सभा होती शहराच्या आराखड्याची. पुढच्या पाच वर्षांत वणापूरचा आर्थिक आणि सामाजिक विकास कसा करायचा, याची योजना नगरपंचायतीला बनवायची होती. मुख्याधिकारी मॅडम नव्या आल्या होत्या. त्यांनी ठरवलं होतं की आराखडा कचेरीत नाही, प्रत्येक प्रभागात मांडव टाकून, लोकांना विचारून करायचा. म्हणून मी प्रभागा-प्रभागातून हिंडू लागलो.

नगराध्यक्षा होत्या लीलाबाई. साठीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि त्यांचा मुलगा कैलास मला धरून बोलायचा. "आईच्या वतीनं मी सांगतो," अशी त्याची सुरुवात असे. कैलास काही वाईट माणूस नव्हता. आवाज त्याचा खणखणीत होता, मला पेलायला सोपा. पण आईचा आवाज कसा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. गावालाही नसावं.

कैलासच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: शहराच्या तोंडाशी भव्य स्वागत कमान. दोन हत्ती, वर कळस. आराखड्यातल्या सामाजिक विकासाच्या पानावर ती सर्वांत वर होती. माझे मालक रूपरावजीसुद्धा कमानीचे भक्त. त्यांचं दुःख वेगळं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात नागपूरहून आलेली वरात फाटा चुकून शेजारच्या गावात गेली होती, तिथल्या लग्नात जेवून आली होती आणि वर "पनीरची भाजी बढिया होती" असंही म्हणाली होती. रूपरावजींनी तर पनीर केलंच नव्हतं! तेव्हापासून ते म्हणायचे, "कमान असती त माही इज्जत वाचली असती."

जिनिंग रोडच्या प्रभागातली सभा मात्र वेगळी झाली. पुढच्या रांगेतले लोक बोलून झाले. कमानीचे हत्ती उभे असावेत की बसलेले, यावर बरीच चर्चा झाली. मॅडमनी विचारलं, "मागं बसलेल्या ताईंना काही सांगायचं आहे का?"

मागं नुसती कुजबुज.

आकांक्षा उठली. तिनं मला दांड्यावरून काढलं आणि खुर्च्यांमधून वाट काढत मागं निघाली. वायर ताणली गेली. बायकांपासून हातभर अंतरावर मी थांबलो. पुढं जाईना. सगळे हसले. तिनं मुकाट्यानं दुसरी वायर आणून जोडली आणि मी मागच्या रांगेत पोचलो.

तिथं कोणी मला धरेना. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा मी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिलो. "तू बोल वं." "मी नाई, तू बोल." शेवटी एका तरुण बाईनं मला घट्ट पकडलं. तिच्या कडेवर दहाएक महिन्यांची मुलगी होती.

"मी ज्योत्स्ना," ती म्हणाली. "नाल्यापलीकडच्या टोलीवर राह्यतो. आमी गोंड. जिनिंगमध्ये कापूस निवडाच्या कामाले जातो. जातो म्हंजे, जात होतो. आता ही स्वीटी झाली. सासू मजुरीले जाते, माहा मालक कापसाच्या गाठी उचलाले. हिले ठेवू कोठं? मशिनीजवळ नेऊ देत नाई, अन् तेही बरोबरच हाय. मुकादम म्हणते, दसऱ्याले आली त ये, नाई त जागा दुसरीले देतो. मले काम येते मॅडम. मले काम आवडते. फक्त हिले ठेवाले एक जागा पायजे. पाळणाघर."

"माहंही तसंच हाय," बाजूची म्हणाली. "माहंही," आणखी एक.

तेवढ्यात स्वीटीनं हात पुढं केला, मला खेचलं आणि माझी जाळी सरळ तोंडात घातली. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं अशी जोरदार किलकारी मारली की चारही भोंगे दणाणले. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार बाहेर आला. झाडावरचे बगळे उडाले. स्वतःचाच आवाज ऐकून स्वीटी क्षणभर चपापली, आणि मग खदखदून हसायला लागली. तिचं हसणं सगळ्या जिनिंग रोडवर पसरलं. मी आजवर पुष्कळ भाषणं बोललो, पण इतकं चांगलं भाषण माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

अख्खा मांडव हसत होता. लीलाबाई उठल्या, मागं आल्या आणि त्यांनी स्वीटीला मांडीवर घेतलं. सभा संपेपर्यंत ती त्यांच्याकडंच होती.

"ताई, तुमची सूचना नोंदवली आहे," कैलास म्हणाला. आणि परत कमानीकडं वळला.

त्या संध्याकाळी वायर गुंडाळताना आकांक्षा बापाला म्हणाली, "बाबा, पाळणाघर झालं पायजे."

"होईन नं. कमान झाल्यावर."

"कमानीले पाच वर्षं लागतीन. तवरी स्वीटी शाळेत जाईन."

"तुले काय समजते? तुह्या ताईची वरात…"

"बाबा, ताईले आता दोन पोट्टे हायेत!"

त्या दिवशी रूपरावजींनी मला पेटीत न टाकता खुंटीला टांगलं.

आराखडा मंजूर करायची सर्वसाधारण सभा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आली. सभागृहात नगरसेवक बसले होते. दाराशी बायका उभ्या होत्या, त्यांत ज्योत्स्नाही होती. आवाजाच्या यंत्रापाशी स्वतः रूपरावजी बसले होते. कैलासनं मला उचललं. कमान वाचली, बाजाराचे ओटे वाचले, रस्त्यावरचे दिवे वाचले. पाळणाघर 'पुढील टप्प्यात विचाराधीन' होतं. ज्योत्स्नानं मान खाली घातली.

"आईच्या वतीनं हा आराखडा मी सभेपुढं…" कैलासचं वाक्य पुरं झालं नाही. बाजूनं एक हात आला.

"आण इकडं."

"आई, मी बोलतो नं."

"तू लय बोलला. आण."

लीलाबाईंनी मला धरलं. उलटं धरलं होतं. आकांक्षानं धावत येऊन सरळ केलं. बराच वेळ मला फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. नगरसेवक एकमेकांकडं बघू लागले. कैलासनं रूपरावजींना हातानं खूण केली: बंद करा. आई अडखळतेय, हसं होईल.

रूपरावजींचा हात बटणाकडं गेला. माझा जीव वायरीत गोळा झाला. पण त्यांनी बटण उलटं फिरवलं. आवाज वाढवला.

"मले बोलता येत नाई," लीलाबाईंचा आवाज सभागृहाच्या भिंतींना जाऊन भिडला. त्या दचकल्या, मग हसल्या. "पन सांगतो. हा कैलास आठ महिन्याचा होता, तवा मी कापूस वेचाले जात होती. वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाले लुगड्याचा झोका बांधू अन् ह्याले त्यात टाकू. एक डाव मुंग्यायनं असा चावला का पोराचं तोंड तव्यावरच्या पोयीसारखं फुगलं. तवापासून माहा एक डोळा कापसात अन् एक झोक्यात. कोनताच कापूस मी पुऱ्या डोळ्यानं वेचला नाई. आज त्या पोराले हत्ती पायजेत." सगळे हसले. कैलास लाजून लाल झाला. "बनव बापा, पुढं बनवजो. वराती चुकू नये म्हनून फाट्यावर मोठी पाटी लावू, रूपरावजी. पन आधी पाळनाघर. जकात नाक्याची खोली रिकामी हाय, जिनिंगच्या रस्त्यालेच हाय. हे मी कोनाच्या वतीनं नाई, माह्या वतीनं सांगून राह्यली."

मॅडमनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले, मग आणखी झाले, आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकांनीही केले. त्यांचे मोजायचे नव्हते, तरी त्यांनी खाली घेतले नाहीत. ज्योत्स्ना पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

नंतर कैलासनं रूपरावजींना विचारलं, "काकाजी, मी इशारा केला, तुमी बंद काऊन नाई केला?"

"बाई बोलून राह्यली अन् मी बटन बंद करू? आवाज पोचवाचा धंदा हाय माहा, बापा."

दुसऱ्या दिवशी जकात नाक्याची खोली झाडायला कैलासच पहिला आला. चुना त्यानंच आणला. छताच्या कड्यांना झोके टांगताना दोरी तीनदा ओढून बघितली.

दसऱ्याला पाळणाघर सुरू झालं. रूपरावजींनी दारापुढं झेंडूची आणि कापडाची मोठी कमान उभारली. कोणी मागितली नव्हती. ज्योत्स्ना स्वीटीला ठेवून निघाली, वळून वळून बघत. स्वीटीनं मात्र एकदाही वळून बघितलं नाही. ती दुसऱ्या एका बाळाची टोपी चघळत होती.

आकांक्षानं मला इथंच ठेवलंय. एक छोटा भोंगा, भिंतीला खुंटी, आणि मी. सकाळी मुलं माझ्यात गाणी म्हणतात. टोलीवरचे नत्थूबाबा येऊन गोंडी गाणी म्हणतात, आणि आता कुणब्यांची, तेल्यांची पोरंही ती घोळवून म्हणतात. अर्थ त्यांना कळत नाही, मलाही नाही, पण ताल सगळ्यांनाच कळतो. माझी जाळी दातांच्या खुणांनी भरली आहे. वायर आखूड झाली आहे. मला काही तक्रार नाही.

फक्त एक विनंती. तुमच्या शहरातही असे आराखडे होत असतील, मांडव पडत असतील. तिथल्या माझ्या भावंडांना सांगा, वायर पुरेना तर दुसरी जोडा, पण मागच्या रांगेपर्यंत जा. तिथं फार मजा असते.

बरं, थांबतो आता. दुपारची वेळ आहे, झोके हलायचे थांबलेत. मुलांचा आत्ताच डोळा लागला आहे. बटण तेवढं हळूच बंद करा.