दारांच्या पानावरच्या मुठी

तिने दुकानाच्या वेबसाइटचा नकाशा कागदावर छापून काउंटरवर पसरला. बाबांच्या दारांची एकतीस पानं एकमेकांना लिंकनी जोडलेली होती. काकांच्या दारमुठींचं एकच पान कोपऱ्यात होतं, लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखं.

"या पानाकडे कुठूनच लिंक जात नाही, बाबा. सर्च इंजिन लिंक धरून धरून पुढे जातं. वाटच नसेल तर काका आहेत हे त्याला कळणार कसं?"

"मला कळतं तेवढं पुरे आहे," म्हणून बाबा पॉलिश घासू लागले.

दोघा भावांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. वाद एवढाच, की दुकानाचं दार आत उघडावं की बाहेर. तोड निघेना म्हणून मध्ये प्लायवूड ठोकून दुकानाला दोन दारं केली, एक आत उघडणारं, एक बाहेर, आणि आता गिऱ्हाईक कुठूनही आलं तरी आधी धडकायचं. प्लायवूडपलीकडे काका मुठी विकत. म्हणजे पुसत, कारण विकल्या जात नव्हत्या. महिनाअखेर गाशा गुंडाळून मेहुण्याच्या गोदामात नोकरी धरणार, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. तेही तिने बाबांच्या कानावर घातलं.

"फक्त एक लिंक. 'या दाराला शोभतील अशा मुठी'. घालू?"

"माझ्या पानांना हात लावायचा नाही."

"मग लोक दार उघडणार कशाने?"

"ढकलून."

शनिवारी सकाळी तिने वेबसाइट उघडली आणि चहाचा कप जपून बाजूला ठेवला. कुणीतरी एका बोटाने, स्वल्पविरामांची पर्वा न करता, एकतीसच्या एकतीस पानं पुन्हा लिहिली होती. 'दाराला मूठ लागते. मूठ नसेल तर दार नुसती फळी. मूठ शेजारीच मिळते. मुठी काळ्याही मिळतात.' मूठ या प्रत्येक शब्दावर लिंक होती. संपर्काच्या पानावरही लिहिलं होतं, 'फोन न लागल्यास मूठ पाहावी.'

"बाबा, एकाच पानावर इतक्या लिंक दिल्या की सर्च इंजिनला संशय येतो."

"येऊ दे. विचारायला आलं तर सांगेन."

"काय सांगाल?"

"धाकटा आहे म्हणून."

ती पानागणिक एक लिंक ठेवून बाकीच्या काढू लागली. चौथ्या पानावर असताना प्लायवूडपलीकडून आवाज आला.

"पोरी, तुझ्या बापाला सांग, काळ्या मुठी मी वर्षापूर्वीच बंद केल्यात. उगाच लोकांना काहीबाही सांगू नकोस म्हणावं."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पॉलिशचा बोळा खाली ठेवला आणि थेट प्लायवूडला म्हणाले,

"मग परत ठेव. चांगल्या होत्या."

पलीकडून मग बांधून ठेवलेल्या खोक्याची चिकटपट्टी फाडल्याचा लांबलचक आवाज आला. मग दुसऱ्या खोक्याची.

तिने पाचवं पान उघडलं.