पडण्याचा आवाज

शिंपीणबाईंच्या डोक्यावर रोज संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात माणसं पडत. अगदी डोक्यावर नव्हे, मध्ये छत होतं. वरच्या मजल्यावर ज्यूदोचा वर्ग भरे. ज्यूदो म्हणजे एकाने दुसऱ्याला कपड्यांना धरून पाडायचं आणि पडलेल्याने उठून त्याचेच आभार मानायचे, अशी बाईंची समजूत होती. ती बरीचशी बरोबर होती.

पहिलं वर्ष तक्रारीत गेलं. सासूबाई झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत आणि शिंपीणबाई मशीन थांबवून नशिबाला बोल लावत. दुसऱ्या वर्षी कान मेले. तिसऱ्या वर्षी मात्र भलतंच झालं, कान तयार झाले. काजं करता करता बाईंना कळू लागलं, की नीट पडलेला माणूस ‘फट्’ वाजतो आणि वाईट पडलेला ‘धप्प’. फट् झालं की लगेच पावलं वाजतात. धप्प झालं की आधी शांतता असते, मग कुणीतरी पाण्यासाठी धावतं.

एके दिवशी लागोपाठ अकरा धप्प झाले. मशीनवर एका वकिलाचा कोट होता. अकराव्याला सुई तुटली. गळ्यात टेप होती तशी घेऊन शिंपीणबाई जिना चढल्या.

“सर, तुमचा खिडकीजवळचा माणूस डाव्या कोपरावर पडतो. त्याला आधी शिकवा, मग पाडा.”

सरांनी वळून पाहिलं. खिडकीजवळ एक दंतवैद्य डावं कोपर चोळत उभा होता.

“तुम्ही कधी पाहिलंत?”

“पाहायला सवड कुणाला आहे? ऐकलं. अकरा वेळा.”

“आणि ती दाराजवळची?”

“ती बरी पडते. पण श्वास धरून पडते. आवाज आखडतो, धुतल्यावर बाही आखडते तसा.”

सर दुखरा गुडघा सांभाळत बाकावर बसले. “ताई, मी आधी कपाटं हलवायचो. लोकांची घरं बदलून द्यायचा धंदा. मुकादम सांगायचा, कपाट उचलतो तो गाढव, त्याचा तोल शोधतो तो हमाल. एकदा जिन्यावरून कपाटासकट गडगडलो. कपाटाचा चुरा झाला, मला खरचटलंसुद्धा नाही. मालकीणबाई कपाटासाठी ढसाढसा रडल्या. तेव्हा मनात आलं, कपाटाला पडायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. निदान माणसांना तरी शिकवावं. मग स्वतः शिकलो आणि इथे येऊन पोचलो.”

“बरं झालं,” शिंपीणबाई म्हणाल्या. “आमच्या डोक्यावर पोचलात.”

“इथे पट्टे बांधलेले पुष्कळ आहेत, कान असलेलं कुणी नाही. पुढच्या वर्षी या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तोवर शिका आणि मी परत येईपर्यंत नवशिक्यांना सांभाळा. त्यांना फक्त पडायला शिकवायचं.”

बाईंनी उजवं मनगट पोटाशी घेतलं. सात वर्षांपूर्वी फळीवरचे तागे काढताना त्या स्टुलावरून मागे पडल्या होत्या. जमिनीला हात टेकायला गेल्या आणि मनगट मोडलं. तीन महिने मशीनवर चादर होती आणि सासूबाई चष्मा नाकावर चढवून शाळेच्या गणवेशांना हातशिलाई घालत होत्या. तेव्हापासून शिंपीणबाई सपाट रस्त्यावरही भिंतीच्या कडेने चालत.

“मनगट गेलं तर घर बसेल, सर.”

“हात टेकलात म्हणून मोडलं. तेवढंच तर आम्ही इथे सोडायला लावतो. टेकायचा नाही, दोन्ही हात एकदम सपाट आपटायचे.”

खाली सासूबाईंनी निकाल दिला. “पडायला शिकायचं? आपल्या घराण्यात ते उपजत आहे. पण वर्ग बंद पडला तर घरमालक ती जागा ड्रमवाल्याला देणार आहे म्हणे. तू वर असशील तेव्हा मशीन मी चालवायला शिकेन. जा बाई, पड.”

शिंपीणबाई आधी झोपून पडायला शिकल्या, मग बसून, मग उकिडवं. हनुवटी छातीशी धरायची हे त्यांना एका दिवसात जमलं. शिंप्याची अर्धी टेप जन्मभर हनुवटीखालीच असते. उभ्याने मात्र गाडी अडली. तोल मागे गेला की उजवा हात चोरासारखा जमीन शोधायला निघे आणि बाई वाटेतच खाली बसत. वर्ग फार चांगुलपणाने वागे, त्याचाच अधिक ताप होई.

“ताई, अजिबात दुखणार नाही,” दंतवैद्य म्हणाला.

“हे तुम्ही तुमच्या खुर्चीतल्यांनाही सांगता.”

असं करता करता ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार उजाडला. सर काठी टेकत आले.

“सोमवारी सात नवे येणार. त्यांना उभ्याने पडून दाखवावं लागेल. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी पाटी उतरवतो. राग नाही.”

शिंपीणबाई गादीवर उभ्या राहिल्या. मागची जमीन दिसत नव्हती, आणि दिसत नाही तिथे हात आधी धावतो. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही जमीन त्यांना आधी पाहून कळलीच नव्हती. तीन वर्षं ऐकली होती. खालून.

त्यांनी डोळे मिटले. आपण मशीनपाशी बसलोय, वर कुणीतरी पडणार आहे, एवढंच मनात धरलं. दोन्ही हात घडी घातलेल्या कापडासारखे छातीवर घेतले आणि गुडघे सोडले.

फट्!

बाईंनी पडल्या पडल्याच अंगठा आणि तर्जनी जुळवून पाहिली. सुईत दोरा ओवता आला असता.

तेवढ्यात खालून ठक् करून दांडा वाजला आणि पाठोपाठ खिडकीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज वर आला.

“अगं, उजवा हात उशिरा आपटला! परत पड!”

सर्वांनी शिंपीणबाईंकडे पाहिलं. सरांनी काठीवर हनुवटी टेकली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “आईंना सोमवारी सवड असते का?”

“त्यांना विचारू नका, सर. त्या लगेच येतील,” म्हणत बाई उठल्या, टेप नीट केली, भिंतीकडे न बघता गादीच्या मधोमध आल्या आणि पुन्हा पडल्या.

सगळा वर्ग कान देऊन थांबला. खालून काहीच आलं नाही. थोड्या वेळाने सासूबाईंनी मशीन सुरू केलं.