श्रावण लागल्यापासून थेंब नाही

मित्रांनो, मला बघितलं की तुम्ही तोंड फिरवता. फिरवा. माझ्यावर झोपायची हौस कुणालाच नसते. मी भोपाळच्या एका सरकारी दवाखान्यातला जुना स्ट्रेचर आहे. इमर्जन्सीच्या दाराशी उभा असतो.

इंदूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या लोखंडी नळ्या वाकवल्या, जोडल्या, वर पांढरा रंग फासला. मी इथे आलो तेव्हा मला हार घातला होता. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटोही काढला. आता माझं रेक्झिन फाटलंय आणि एक चाक भलतीकडेच पळतं. त्याची तक्रार नाही. माझा राग वेगळा आहे.

हाड मोडलेला माणूस आला की घरचे धावत सांगतात, कुठे पडला, कसा पडला. साप चावलेल्याचं तर अख्खं गाव सांगतं. पण दारूचा नाहीतर नशेच्या गोळ्यांचा माणूस आला की सगळ्यांची वाचा बसते. टी. टी. नगरकडच्या एका मुलाला त्याच्या दोस्तांनी माझ्यावर टाकलं आणि पळून गेले. त्याने काय घेतलं होतं, कुणीच सांगितलं नाही. डॉक्टर पोरालाच हलवून विचारत राहिले आणि तो माझ्यावरच थंड पडला. तेव्हापासून मला रक्ताची भीती वाटत नाही. गप्प बसणाऱ्या सोबतच्या माणसांची वाटते.

यंदा श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी, भर दुपारी, पिपलानीच्या क्वार्टरमधून अच्युतरावांना ऑटोत घालून आणलं. कारखान्यातला माणूस, पन्नाशीचा. सोबत बायको वसुधाबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी प्राजक्ता. अच्युतराव घामाने भिजले होते आणि असे थरथरत होते की माझे नटबोल्ट वाजायला लागले.

"मुंग्या! अगं वसू, भिंतीवरून मुंग्या येतायत, झटक ना!"

भिंत कोरी होती. ती भिंत मी रोज बघतो. तरी त्या क्षणी मलाही तिकडे बघवेना.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शराब पीते हैं?"

"नहीं नहीं, बिलकुल नहीं. हमारा तो श्रावण चल रहा है," वसुधाबाई म्हणाल्या.

"आई, अगं..."

"गप्प बस! समोर कोण बसलंय बघ." समोर महाराष्ट्र मंडळातल्या सुलभाताई मुरगळलेला पाय घेऊन बसल्या होत्या. पाय डॉक्टरकडे, कान इकडे.

झालं. दारू नाही म्हटल्यावर डॉक्टरबाईंना वाटलं, मेंदूला सूज आली असेल. भलतीकडेच शोध सुरू झाला. अच्युतराव उठून पळायला लागले, तेव्हा त्यांचे हात माझ्या दांड्यांना बांधले. मग एकाएकी त्यांचे डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन आपटायला लागलं. त्यांच्यासकट मीही हातभर सरकलो. वाटलं, संपलं.

वॉर्डबॉय धरता धरता म्हणाला, "मैडम, बेवड़ा लगता है."

वसुधाबाई उसळल्या. "किसको बेवड़ा बोल रहे हो? श्रावण लगा तब से एक बूँद नहीं ली इन्होंने!"

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "और उसके पहले?"

वसुधाबाई पदर सावरायला लागल्या.

मित्रांनो, आपल्या लोकांची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. गटारीला नाकापर्यंत प्यायची आणि श्रावण लागला की एकदम बंद. वसुधाबाईंनी उरलेल्या बाटल्या स्वतःच्या हाताने मोरीत ओतल्या होत्या. यंदा सुटेलच, म्हणून देवापुढे साखर ठेवली होती. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, हे त्या बाईला कोण सांगणार? दारूचं नाव काढायलाच जिथे बंदी, तिथे कुणाला काय कळणार, कपाळ!

अखेर प्राजक्ता बोलली. मोठ्याने. "पीते हैं. रोज़. सुबह से. एक बोतल तो होती ही है."

वसुधाबाईंनी माझी दांडी घट्ट धरली. एकदा सुलभाताईंकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाला आलेल्या फेसाकडे.

"एक नाही गं," त्या म्हणाल्या. "दीड. सांग त्यांना, दीड."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. झटके थांबवणारं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, हात सोडवले. म्हणाल्या, "ताई, छुड़ाना ग़लत नहीं है. घर में अकेले, एकदम से छुड़ाना ग़लत है. यहाँ छुड़ाएँगे, दवा देकर, धीरे-धीरे."

नटबोल्ट हळूहळू वाजायचे थांबले. माणूस वाचेल का, हे मात्र त्या दुपारी कुणीच छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. वरच्या वॉर्डात त्यांना मीच नेलं. लिफ्टमध्ये त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "वसू, मुंग्या गेल्या का गं?"

"जातायत," वसुधाबाई म्हणाल्या. "मी बघतेय ना."

मित्रांनो, मला रंग द्या, तेल द्या, असलं काही मी मागत नाही. एकच मागतो. घरात कुणी पीत असेल, गोळ्या खात असेल, ओढत असेल, तर इथे आल्यावर खरं सांगा. काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं, सगळं. मोठी माणसं डोळे वटारतील. वटारू द्या. लोक काय म्हणतील, असं विचारतील. लोक येत नाहीत माझ्यावर झोपायला. तुमचा बाप येतो.