झाकणावरची पत्ती

तिसऱ्या कपामागच्या उपड्या झाकणावर भिजलेली पत्ती... तांब्याच्या तारेसारखी लालसर, मधेच एक पान अख्खं उलगडलेलं — ही तर खोऱ्यातली, मग किनाऱ्याच्या चहामागे कशी? माझाच वेंधळेपणा, तिच्या लक्षात आलं. चहा गाळून पत्ती झाकणांवर काढताना बाबांशी बडबडीच्या नादात तिने तिसरं नि चौथं झाकण अदलाबदल करून ठेवलं होतं. कंपनीने पाठवलेल्या पाकिटांवर नुसते आकडे. एकाच देशातल्या पाच मुलुखांचे पाच काळे चहा, कुठला कुठचा ते बाबांनी ओळखायचं. गेल्या महिन्यात त्यांच्या शेऱ्यावर घेतलेला माल परत आला, तेव्हापासून कंपनीला शंका. आज उत्तरं चुकली तर वीस वर्षांची चहा चाखणाऱ्याची नोकरी गेलीच. आणि तिने मात्र ओततानाच घोट-घोट घेऊन पाचही ओळखले होते — पाचही, डोळे मिटून — आणि कधी एकदा बाबांना सांगते असं झालं होतं.

झाकणांचं सांगायला तिने तोंड उघडलं, मग वाटलं, राहू दे, गंमत बघू, लगेच पकडतील, ‘कार्टे, झोपेत होतीस का’ म्हणतील.

बाबांनी चमच्यातून सुर्रकन घोट ओढला, गालांत खेळवला, बादलीत थुंकला. मग त्यांची नजर — क्षणभरच — झाकणाकडे गेली.

“तिसरा खोऱ्यातला. भरदार आहे. लिही.”

भरदार? तो पातळ, किंचित खारट चहा?... थंडीत आलेल्या तापानंतर भाजीत दोनदा मीठ पडलं तरी मुकाट जेवणारे बाबा, शेजारच्या खोलीत दूध करपलं तरी पेपर वाचत बसलेले बाबा, आणि आई हसून म्हणालेली, वय झालं, कुरकुर कमी झाली... म्हणजे एवढे महिने ते नुसती पत्ती बघून —

“बाबा, तिसरा परत एकदा बघता?”

“का गं? मोठी आलीय जिभेची राणी.”

“माझ्या हातून झाकणं बदलली,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “तिसऱ्याचं चौथ्यामागे. तिसरा किनाऱ्याचा आहे.”

नळ ठिबकत होता. बाबांनी चमचा पाण्यात बुडवला, पुसला, परत बुडवला. तिला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर किती बरं झालं असतं.

“प्यायलीस?”

“हो.”

“मग तसं लिही.” आणि खिडकीकडे बघत, “यापुढे आधी तू पीत जा. मी... मी शेरे सांगेन.”

तिने लिहिलं, वळणदार अक्षरात. आतून काहीतरी वर येत होतं, रडू असावं म्हणून तिने ओठ घट्ट मिटले, पण ते रडू नव्हतं — मला येतं, मला खरंच येतं — असलं काहीतरी निलाजरं, उड्या मारणारं. ते चेहऱ्यावर दिसेल म्हणून ती मान खाली घालून, लिहिलेलंच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.